माघातले जाम

सहदेवानं कुऱ्हाड विहिरीच्या कठड्याला टेकवली, जामाच्या झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान वर करून पाहिलं आणि खाली बसून चिलीम काढली. राघोला वाटलं, हात घालण्याआधी गडी एक दम मारून घेतोय. तेवढा वेळ द्यायला हरकत नव्हती. माघी एकादशीची सकाळ होती, खाडीवरून गार वारा येत होता आणि कीर्तन उभं राहायला दुपार कलायला हवी होती. तोवर झाड आडवं होऊन अंगण मोकळं झालं असतं, मंडपाला जागाही झाली असती.

पण चिलीम संपली तरी सहदेव उठेना.

"राघोदादा, झाड धरलेलं हाय," तो म्हणाला.

"मग?"

"धरतं झाड मी तोडत नाय. माझ्या बापसानं बी कधी तोडलं नाय. फळं उतरून घ्या, मग बोला. एका घटकेत आडवं करतो."

एवढं बोलून त्यानं विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं, तोंडावर मारलं आणि कठड्यावरच पाठ टेकली. त्याला घाई नव्हती.

राघो झाडाकडे बघत उभा राहिला. फळं उतरून घ्या, हे येऊरच्या डोंगरातून आलेल्या सहदेवाला बोलायला सोपं होतं. या घरात ते कसं जमावं? आजा काळुराम यानं नेम घालून दिला होता, की रामनवमीच्या दुपारी देव्हाऱ्यातल्या रामापुढे जामांची परडी ठेवायची आणि तोवर घरातल्या कुणी जामाला हात लावायचा नाही. नेम तसा जड नव्हता. कोलशेतचे सगळे जाम चैत्रातच पिकतात. रामनवमीला परड्याच्या परड्या उतरतात आणि मग पोरं, पाखरं, पाहुणे सगळ्यांना पुरतात.

हे एकच झाड उलटं निघालं. धाकटा भाऊ नाथा याच्या बायकोनं, सगुणानं, पाच वर्षांपूर्वी आयऱ्याहून, डोंबिवलीकडच्या आपल्या माहेराहून, ते आणलं होतं. गावातली झाडं अजून नुसत्या पानांत असताना कार्तिकातच हे फुलायचं. पांढऱ्या केसरांचा सडा विहिरीभोवती पडायचा आणि माघ लागता लागता फांद्यांच्या जाड बुंध्यांना घोसच्या घोस लटकायचे, घंटेच्या आकाराचे, दुधी पांढरे, उन्हात आतलं पाणी दिसावं इतके पातळ सालीचे. फाल्गुनात सगळं संपून झाड रिकामं व्हायचं. रामनवमीला त्यावर दाखवायलासुद्धा एक फळ उरत नसे.

पहिल्यांदा फळं आली त्या माघात जोडीतला बैल गेला. दुसऱ्या वर्षी उधाणानं मिठागराचा बांध फोडला. आणि यंदा, पौषापासून, बापाला हिवतापानं धरलं होतं. ताप उतरला तरी तोंडाची चव गेली होती. पेज समोर ठेवली की गोमाजी मान फिरवायचा. एके काळी मिठाची पाटी एका हातानं डोक्यावर चढवणारा माणूस, आता त्याला खाटेवरून उठवायला दोघं लागत. राघो अडाणी नव्हता, पण तिसऱ्यांदा काही घडलं की माणूस मोजायला लागतो. अवेळी फळणारं झाड दारात नको, हे त्यानं ठरवलं होतं. नाथा मिठाच्या होड्या घेऊन चार दिवस काल्हेरला गेलेला, तेवढ्यात हे उरकायचं, हेही ठरवलं होतं. भावाशी तोंडावर भांडण त्याला नको होतं.

तो घरात गेला.

*

चुलीपुढे गोदा, राघोची बायको, रताळी उकडत होती. सगुणा वऱ्याचे तांदूळ निवडत होती. मधे पाटावर मनुबाई बसल्या होत्या, गोमाजीची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परत आल्या, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. घरातले उपासतापास, नेमधर्म, सोवळं सगळं त्यांच्या हाती होतं आणि गोमाजीसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे.

राघोनं त्यांना सहदेवाची अडचण सांगितली. फळं उतरवायची आणि सरळ खाडीत सोडायची, खायचं कुणी नाही, म्हणजे नेमही मोडत नाही, असा तोडगा त्यानं पुढे ठेवला.

"हात लावायचा नाय म्हंजे हात लावायचा नाय," मनुबाई म्हणाल्या. "खायाला नाय नि टाकायला बी नाय."

"मग झाड तुटायचं कसं, आते?"

"ते तू नि तुझा सहदेव बगा."

झाड गेलेलं त्यांनाही हवं होतं. गेले तीन माघ त्या विहिरीकडे जाताना पदर डोळ्यांवर ओढून जात. पण नेम त्याहून मोठा. राघो दारातच घुटमळला. झाड तोडायचं तर फळं काढायला हवीत, फळं काढायची तर रामनवमी यायला हवी, आणि रामनवमीला झाडावर फळंच नसणार. मग चैत्रातच तोडावं, असं गोदा मधेच बोलून गेली. चैत्रापर्यंत बा टिकला पाहिजे ना, असं राघोच्या तोंडून निघालं.

सगुणानं मान वर केली नाही. तिची बोटं सुपात फिरत होती, पण गोदानं बघितलं, ती एकच खडा पुन्हा पुन्हा उचलत होती आणि पुन्हा सुपातच टाकत होती.

गोदाला दोन वर्षांपूर्वीची आपली आठवण झाली. तेव्हा हे झाड तोडा म्हणून नवऱ्याच्या मागे तीच लागली होती. पाणवठ्यावर बाया सगुणाच्या झाडाचंच बोलत. परसातलं थोरलं, गोदाच्या लग्नाआधीपासूनचं झाड कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. सगुणा त्या झाडाचं काय करते ते गोदानं लपून पाहिलं होतं. दसरा झाला की पंधरा दिवस पाण्याचा थेंब द्यायची नाही, मुळांवरची माती हलक्या हातानं सारायची, पानं मलूल होऊ द्यायची. मग दिवाळीच्या पहाटेपासून रोज सात घागरी, त्याही विहिरीच्या गोड्या पाण्याच्या. खाडीकडच्या डबक्यातलं खारं पाणी जामाला चालत नाही. घोस दाट झाले की त्यातली अर्धी फळं बोराएवढी असतानाच खुडायची, म्हणजे राहिलेली भरतात. वटवाघळांसाठी जुनं जाळं वरून टाकायचं. गोदानं हे सगळं आपल्या परसातल्या झाडाला अगदी तसंच करून पाहिलं. झाड पंधरा दिवस सुकलं, पाणी मिळालं, पुन्हा हिरवं झालं आणि मुकाट्यानं चैत्रातच फळलं. तेव्हा गोदाला कळलं, की हा टोणा नाही आणि हाताचा गुणही अर्धाच आहे. त्या झाडाची जातच आधी पिकणारी.

पण हे ती कुणाला सांगणार होती? सांगायचं तर आपण लपून बघत होतो, हेही सांगावं लागलं असतं.

"कीर्तन होऊ द्या आज," ती नवऱ्याला म्हणाली. "दारात हरिदास उतरलाय. कुऱ्हाडीचा आवाज नको."

राघो तिच्याकडे बघतच राहिला. सगुणाची बोटं सुपात थांबली.

*

अण्णाबुवा आदल्या संध्याकाळी भरतीच्या पाण्यावर कल्याणहून होडीनं आले होते. दर माघात येत. पण गेली पाच वर्षं तब्येतीमुळे खंड पडला होता, त्यामुळे हे झाड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. गोल शरीर, हसरे डोळे, आणि गळा असा, की बोलताना घोगरा, गाताना मात्र घागर भरत यावी तसा चढत जायचा. पण आज पहाटे उठले ते घसा बसूनच. खाडीचं वारं लागलं होतं. एकादशीला ते फळं आणि दूध एवढंच घेत आणि ठाण्याच्या बाजारातून यायची केळी अजून आली नव्हती.

त्यांच्या झोळीत बोटभर उंचीचा पितळी राम होता. गावोगाव तो त्यांच्याबरोबर फिरायचा. विहिरीवर अंघोळ करून त्यांनी ओटीवर पाट मांडला, रामाला न्हाऊ घातलं, चंदन लावलं आणि नैवेद्याला काही नाही हे लक्षात आल्यावर ते जसे होते तसे, ओलेत्यानं, झाडाखाली गेले. देवासाठी फूल घ्यायला परवानगी लागत नाही, मग फळाला कशाला, एवढा साधा त्यांचा हिशेब. हाताशी आलेला एक जाम त्यांनी देठासकट तोडला, धुतला, पानावर ठेवला, डोळे मिटले. मग प्रसाद म्हणून स्वतः खाल्ला. घशातून थंड पाणी उतरलं तसं त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी दुसरा तोडायला पाऊल उचललं.

सहदेव कठड्यावरून हे सगळं बघत होता. राघो बाहेर आला तसा तो म्हणाला, "एक कमी झाला बगा, दादा. आता उरलेले तुमी काडा."

गोमाजीची खाट रोज सकाळी उन्हात अंगणात आणत. ती आता आणून ठेवली होती. राघोनं पानावरचा ओला देठ पाहिला, बुवांच्या ओठांवरचं पाणी पाहिलं. पाहुण्याला, त्यातून हरिदासाला, काय बोलणार? तेवढ्यात मनुबाई, गोदा आणि सगुणा, तिघी रताळ्यांची परात घेऊन ओटीवर आल्या.

बुवांनी आपण होऊनच सांगितलं. तुमचा जाम रामाला आवडला, म्हणाले. माघात जाम पिकलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कुणाच्या हातचं झाड?

सगळे मनुबाईंकडे बघू लागले. बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. गोमाजीनं खाटेवरूनच, बारीक आवाजात, त्यांना घरचा नेम सांगितला. बुवा ऐकत होते आणि त्यांचा हात नकळत गळ्यावर गेला, जणू तो जाम तिथून परत काढता येईल.

"म्हणजे माझ्या हातून तुमचा नेम मोडला," ते म्हणाले.

राघोनं त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला. तुम्ही परके, तुम्हाला ठाऊक नव्हतं. बुवा म्हणाले, ठाऊक नव्हतं हे खरं, पण रामाला दाखवल्याशिवाय खाल्ला नाही, हेही खरं. तिथीचं मला सांगता येत नाही. मी शास्त्री नव्हे, मी गाणारा माणूस. सकाळी पानावर ठेवला, तेव्हा राम नको म्हणाला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

मनुबाईंनी हातातली परात गोदापुढे केली. गोदानं ती धरली.

"बुवा, तुमी आजच परत जा," मनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "कीर्तन नको. काय नको. आता या घरातलं मानूस जानार."

त्यांची नजर खाटेकडे गेली नव्हती. मुद्दाम गेली नव्हती, हे सगळ्यांना दिसलं.

राघोनं कुऱ्हाडीकडे पाहिलं. आता फळं असोत नसोत, सहदेव नाही म्हणाला तर आपणच घाव घालू, असं त्याच्या मनात आलं, आणि तो कठड्याकडे वळलाही. पण त्याच्या आधी सगुणानं पाऊल उचललं होतं. ती झाडापाशी जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर, पाठ बुंध्याला. थोरल्या दिरापुढे ती कधी एवढी सरळ उभी राहिली नव्हती.

"माझ्या बानं फांदीलाच मुळं फोडून ही गुटी नारळाच्या करवंटीत बांधून दिली," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आयऱ्यापासून कोलशेतपर्यंत होडीत मी मांडीवर घेऊन आली. बियाचं झाड कसं निघंल सांगता येत नाय, गुटी आयशीच्या वळणावर जाते, असं बा बोलला. याची आयस आमच्या वाडीत माघातच पिकते. तिकडं कुनी मेला नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "मी या झाडाचा एक जाम खाल्लेला नाय. तीन वर्षांत. चव कशी हाय ते मला ठाऊक नाय."

तेव्हा गोदानं परात खाली ठेवली.

"गोड हाय," ती म्हणाली.

राघो वळला.

"मी खाल्ला," गोदा म्हणाली. "गेल्या साली दोन. यंदा..." तिनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "बैल गेला तवा मी खाल्ला नवता. बांध फुटला तवा नवता. गेल्या साली फुटल्यावर खाल्ला. मग काय माझ्यापायी बांध आधीच फुटला?" आणि एकदा तोंड उघडलं तसं तिनं परसातल्या झाडाचं, पंधरा दिवसांच्या तहानेचं, सात घागरींचं सगळंच सांगून टाकलं. सगुणा ऐकता ऐकता जावेकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण हसू आवरायला ओठ दाबून धरावे लागले.

"तरीच," ती हळूच म्हणाली. "परसात ऐन दिवाळीत चिखल कसा, ते मला कळंना."

सहदेव कठड्यावर हसला. राघोनं त्याच्याकडे रागानं बघितलं. सहदेव म्हणाला, "मी काय बोलतच नाय दादा. पन शिमग्याच्या आधी मिठागरावरून येताना तुमी पान्याचा तांब्या सोडून झाडाकडंच वळायचात, ते मी लाकडं टाकायला आलतो तवा बगितलंय."

राघोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दिवसभर मिठात उभा राहिलेला माणूस, ओठ फुटलेले, जीभ लाकूड झालेली, आणि दारात ते थंडगार पाणी फांदीला लटकलेलं. दोनदा. फक्त दोनदा. तो सगळ्यांसमोर कबूल झाला तो असा, की मान न हलवता नुसता खाली बसला.

एवढं झालं तरी मनुबाई हसल्या नाहीत. त्या ओटीच्या पायरीवर बसल्या, हात मांडीवर, आणि खाटेकडे पाठ करून बोलू लागल्या. बोलत होत्या त्या बुवांशी, म्हणजे बुवांच्या पाटावरच्या पितळी रामाशी.

"मी सात वर्सांची होती. नेम तवा नवाच होता. बापसानं सांगितलेलं, कुनी तोडायचा नाय. मी फाल्गुनात तोडला. हिरवा होता, तुरट. अर्धा खाल्ला, अर्धा कुंपनात फेकला. त्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. आमचा दगडू चार वर्सांचा. सकाळी खेळत होता, दुसऱ्या सकाळी नवता." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "मी कुनाला बोलली नाय. आयशीला नाय, बापसाला नाय. नवरा गेला तवा बी मना वाटलं, त्योच जाम. आता गोमा. मी रोज बगते नि मना वाटतं, अजून फिटलं नाय."

साठ वर्षं ही बाई इतरांना नेम पाळायला लावत होती ते कशासाठी, हे आत्ता, एकदम, सगळ्यांना समजलं. राघोला आठवलं, लहानपणी जामाखाली खेळताना आते दुरून हाका मारायची, त्या हाकांत नेहमी भीती असायची. त्याला तो राग वाटत आला होता.

बुवा काही बोलायला पुढे झाले आणि थांबले. आयुष्यभर लोकांपुढे बोलणाऱ्या माणसाला कुठं बोलायचं नाही हेही समजत होतं.

खाट करकरली. गोमाजी उठून बसायला बघत होता. राघो धावला, तर त्यानं हात झटकला.

"बाय," तो म्हणाला. "हिकडं बग."

मनुबाई वळल्या नाहीत.

"कुंपनात फेकलास तो मी उचलला."

आता त्या वळल्या.

"मी मागंच होतो. निवडुंगात हात घालून काडला, काटे लागले, आयशीनं विचारलं तर खेकडा धरायला गेलतो सांगितलं. तुझ्या दाताची खून होती त्यावर. उरलेला अर्धा मी खाल्ला. बियासकट." त्याला धाप लागली. त्यानं श्वास घेतला. "दगडूला दिला नाय. मागत होता, पन मी दिला नाय, एकट्यानं खाल्ला. मग सांग, दगडूनं तर तोंडालाबी लावला नवता. खाल्ला तू नि मी. तू पासष्ट वर्सांची झाली. मी तुझ्यामागं दोन वर्सं. पोरं झाली, नातू झालं, मिठागर झालं. जाम मारनारा असता तर आपल्याला सोडून त्या पोराला कशाला नेता?"

"तू कदी बोलला नाय," मनुबाई म्हणाल्या.

"तू तरी कुटं बोलली?"

त्या उठल्या आणि खाटेपाशी आल्या. भावाच्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, काट्याचा एक जुना, पांढरा वण होता. साठ वर्षं त्या हातानं त्यांना भाऊबीज घातली होती. त्यांनी तो वण अंगठ्यानं चाचपला, पुन्हा चाचपला, आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या लहान पोरीसारख्या रडल्या.

*

कीर्तन चौथ्या प्रहरी उभं राहिलं. मंडपाला जागा नव्हती म्हणून मंडप घातलाच नाही. झाडाच्या सावलीलाच बैठक अंथरली. सहदेवानं कुऱ्हाड आणलीच होती, म्हणून राघोनं त्याला परसातला वाळलेला शेवगा तोडायला लावला. येऊरला परत जायचं सोडून तोही मागे बसला.

बुवांचा घसा खुलला होता. पूर्वरंगात नामाचा महिमा झाला आणि उत्तररंगात त्यांनी भरतभेट लावली. झांजांच्या ठेक्यावर त्यांचा आवाज वर वर गेला. भरत पादुका डोक्यावर घेतो त्या ठिकाणी त्यांनी गाणं थांबवलं आणि नुसत्या चिपळ्या वाजवत राहिले. तेव्हा अख्ख्या अंगणाला आपापला भाऊ आठवला. गोमाजी खाटेवर टेकून टाळ्या वाजवत होता. मध्येच हात थकायचे, मग मांडीवर थाप मारायचा. नाथा चार दिवसांनी येणार होता. त्याला आज इथं असायला हवं होतं, असं राघोच्या मनात आलं, आणि आपण त्याच्या पाठीमागे काय करायला निघालो होतो ते आठवून त्यानं डोळे मिटून घेतले.

आरतीच्या आधी मनुबाई उठल्या. त्यांनी परडी घेतली आणि सगुणाला झाडाकडे नेलं. तोडायचा कसा, ते त्यांनी सुनेला विचारलं. सगुणानं दाखवलं. ओढायचा नाही, फांदी ठिसूळ असते. मनगट वळवून देठासकट घ्यायचा, एक पान बरोबर राहू द्यायचं, आणि तळहातावर असा, वर वर धरायचा. बोटाचा दाबही सालीला डाग पाडतो. परवापर्यंत खाऊन संपवायचा, त्यापुढे याच्यात काही राहत नाही.

"म्हंजे ठेवून द्यायचं फळच नाय," मनुबाई म्हणाल्या.

"नाय, आतेबाय."

परडी भरली. ती त्यांनी आधी पितळी रामापुढे आणि मग आत देव्हाऱ्यातल्या रामापुढे ठेवली. काळुरामाच्या नेमाला त्यांनी त्या दिवशी आपल्या तोंडानं नवा शब्द दिला. पहिलं फळ रामाचं, पण ते पिकेल त्या दिवशी. परसातल्या झाडाची रामनवमी चैत्रात, या झाडाची माघात. गावातल्या एका म्हाताऱ्यानं शंका काढली, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर दोन जाम ठेवले. शंका पुढे सरकली नाही.

प्रसाद वाटायला गोदा आणि सगुणा दोघी उठल्या. पहिला जाम गोदानं सगुणाच्या तोंडाला लावला. सगुणा लाजून मागे झाली, मग तिनं चावा घेतला आणि पाणी हनुवटीवरून ओघळलं. चव कशी आहे, गोदानं विचारलं. माहेरच्याहून जरा पाणचट, सगुणा म्हणाली, खाडीजवळची जमीन आहे ना. पण पुढच्या पावसाळ्यात गुट्या बांधू, परसात एक लावू, मिठागराच्या वाटेवर एक. सहदेवानं मागून ओरडून आपलीही एक सांगून ठेवली. राघोनं गुटीला लागणारी करवंटी आपण तासून देऊ, असं हळूच म्हटलं. त्यावर गोदानं वाटेवरचं झाड नवऱ्याच्या फारच जवळ येईल अशी काळजी बोलून दाखवली आणि बायकांच्या बाजूला बराच वेळ हसणं चाललं.

परडीच्या तळाशी शेवटचे काही जाम उरले, तेव्हा मनुबाई त्यातला एक घेऊन खाटेपाशी आल्या. गोमाजीनं सकाळपासून पेज घेतली नव्हती. त्या पायथ्याशी बसल्या. जाम त्यांनी पदरानं पुसला, उलटसुलट करून पाहिला, साठ वर्षांनी. मग उरलेल्या चार दातांनी तो बरोबर मधे चावला, अर्धा खाल्ला, आणि दातांची खूण असलेला अर्धा भावाच्या तळहातावर, त्या पांढऱ्या वणाशेजारी, ठेवला.

गोमाजीनं तो तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.